बांगडीचं माप

साक्षगंधाच्या दिवशी कासारीण मला सासरच्या हिरव्या बांगड्या भरायला बसली. डाव्या हातात सरसर गेल्या, उजव्यात पहिलीच तडकली, दुसरीही. अकरा वर्षं टेनिसची रॅकेट धरून तो हात रुंद झालेला. बावीस देशांत एकटी खेळून आलेली पोरगी सून करून कोण घेईल? म्हणून आईनं मुलाकडच्यांना 'शाळेत थोडं खेळायची' एवढंच सांगितलं होतं. होणाऱ्या सासूनं माझे दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. "हा हात असा काहून?" आई पटकन बोलली, "लहानपणापासून विहिरीचं पाणी वढलं ना तिनं." सासू खूश झाली. "कामाची पोरगी हाय." आई माझ्या हाताला साबण चोळत हळूच म्हणाली, "हात ढिला सोड." दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात लहानपणी हीच आई मला चेंडू टाकायची आणि माझ्या प्रत्येक फटक्याला ओरडायची, "हात ढिला सोडू नको."