न लागणारं कलम

"मारहाणीचा गुन्हा लागेल. छळाचाही लागेल," फौजदार शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "पण तू जे सांगतेयस, ते नाही लागणार. नवरा आहे तो तुझा."

शीतल समोरच्या खुर्चीत अवघडून बसली होती. वय बावीस. एवढ्या उकाड्यात पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. तिनं सगळं एकदाच, न थांबता सांगून टाकलं होतं. अंगात ताप होता. ती नको म्हणाली. हात जोडले. त्यानं तोंड दाबलं. हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. आज मात्र उजाडताच तिनं सासर सोडलं, वाटूरला माहेरी गेली आणि वडलांना घेऊन ठाण्यात आली.

"मी न्हाई म्हणलं, मॅडम. किती येळा न्हाई म्हणलं."

"माझा विश्वास आहे गं तुझ्यावर." मॅडमचा आवाज उतरला. "पण बायको अठराच्या पुढची असली, की नवऱ्याच्या जबरदस्तीला आपला कायदा बलात्कार म्हणत नाही. मी काय लिहू, सांग?"

दाराशी तिचे वडील, कारभारी, उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते. ठाण्यात आल्यापासून त्यांनी कुणाकडंही वर मान करून पाहिलं नव्हतं.

"शीतल, चल बाई घरी," ते पुटपुटले. "मी बोलतो जावयाशी."

ती जागची हलली नाही.

"बरं, मारहाणीचं तरी लिहून घेते," मॅडम म्हणाल्या. "त्याचं पूर्ण नाव?"

शीतलनं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं.

शेजारच्या टेबलावरचे रामकिसन जमादार लिहिता लिहिता थांबले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी याच ठाण्यात काढली होती.

"ह्याला तर तीन वर्षाखाली मीच उचलून आणल्तं, मॅडम. कालेजातून घरी चाललेल्या पोरीवर..." ते अडखळले. त्यांनी शीतलकडं नीट पाहिलं. मग कारभारींकडं. "मंग ती पोरगी कोर्टात म्हणली, काहीच झालं न्हाई. साफ सुटला."

कारभारींनी दाराची चौकट धरली.

"गावात बैठक बसल्ती, साहेब. सगळे म्हणले, हिला आता दुसरं कोण करून घेतंय? त्यालाच देऊन टाका, केस बी मिटंल. मंग देली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

शीतलनं पदर सैल केला. गळ्यावरचे वळ उघडे पडले. ती शांतपणे म्हणाली,

"तव्हा मी त्याची बायको न्हवते, मॅडम. म्हणून तव्हा कलम लागल्तं."