एकच घंटा

"अवो, किल्ला मागं गेला की!" राजस्थानात हौसाबाई ओरडल्या.

"जाऊ दे. किल्ला काय गाडीत चढणार हाय?" केरबांची नजर रस्त्यावरून ढळली नाही.

एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर घाट चढला, पण दरीकडे कधी मान वळवली नाही. नवऱ्याला एकदा तरी काही बघायला लावायचं, म्हणून हौसाबाईंनी हट्टाने ही सफर काढली होती. राज्यामागून राज्यं सरली. उद्यापासून परतीचा रस्ता.

उत्तराखंडातल्या एका वळणावर झाडी संपली आणि दरीपलीकडे आभाळाला टेकलेला पांढराशुभ्र डोंगर उभा राहिला. सांगून थांबणारा हा गडी नव्हे. हौसाबाईंनी डब्यावर चमच्याने एकच ठोका दिला, कंडक्टरची थांबायची घंटा. केरबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला; गाडी कडेला लागली.

"कोण हाय उतरणार?"

"तुम्ही!"

केरबा उतरले. डोंगर दिसताच त्यांनी वहाणा काढल्या. हात जोडायचं भानही राहिलं नाही.

"चला की, उशीर झाला," बऱ्याच वेळाने हौसाबाईंनी चिडवलं.

"गप गं. ही गाडी आज मुक्कामी हाय."