पाटीवरचा ‘आज’

पावसाळ्यात होड्या दर्यात जात नाहीत, म्हणून सत्यवतीने वेळणेश्वरच्या आपल्या हॉटेलाबाहेर खडूने पाटी लिहिली, ‘आज मासे नाहीत’. नवरा दीपेश वैतागला. “अगो, इथवर येऊन कुळथाची पिठी कोण खाईल? बर्फातली सुरमई आणतो, कुणाला कळतंय?” “जिभेला कळतं,” ती म्हणाली. दोन गाड्या पाटी वाचून तशाच पुढे गेल्या. दीपेश ओल्या फडक्याने पाटी पुसायला लागला; ‘आज’ पुसलं, तेवढ्यात तिसरी गाडी थांबली. एक म्हातारा उतरला, पाटी वाचून मागे वळला. “उतरा रे सगळे!” त्याने गाडीतल्यांना हाक मारली. “आमच्याच होड्या नाटे बंदरात पावसाळाभर झापांखाली शाकारलेल्या, आणि सकाळपासून जो तो हॉटेलवाला ताजी सुरमई खायला बोलावतोय! इथंच जेवूया.” आठ ताटं वाढून सत्यवती हुश्श करत बाहेर आली, तर पुसलेल्या ‘आज’च्या जागी दीपेश लिहीत होता, ‘नारळी पुनवेपर्यंत’.