एक तरी वाईट अभिप्राय

“काढ गं ते. आत्ताच्या आत्ता काढ!” सुरेखाकाकूंनी मोबाइल तेजश्रीच्या नाकासमोर धरला.

पडद्यावर काकूंच्या कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या घराची वेबसाइट होती. मुंबई-पुण्याचे पाहुणे पैसे देऊन त्यांच्याकडे राहायला यायचे. त्यांचे अभिप्राय खाली एकामागून एक सरकत होते. ‘असं पिठलं आयुष्यात खाल्लं नाही.’ ‘माहेरी आल्यासारखं वाटलं.’ प्रत्येकापुढे पाच चांदण्या. वेबसाइटला जोडायचं, तेजश्रीने बनवलेलं प्लगिन होतं ते. राहून गेलेल्या पाहुण्याला लिंक जायची, तो लिहायचा आणि त्याचं लिहिलेलं वेबसाइटवर आपोआप दिसायचं.

“अहो काकू, सगळ्यांनी चांगलंच तर लिहिलंय!”

“तेच तर! हे लावलंस आणि दुसऱ्याच दिवशी यांचा पाय मुरगळला. आता म्हैस दूध देत नाय. एवढं कौतुक असं उघड्यावर मांडून ठेवतं का कोण? दृष्ट लागली आमाला.”

ओटीवर पाय शेकत बसलेल्या दत्ताकाकांनी मान डोलावली.

तेजश्रीला हसू आलं, पण काकूंचा चेहरा बघून तिने ते गिळलं. आणि हसण्यासारखी तिची परिस्थिती तरी कुठे होती? ऐरोलीची नोकरी सोडून ती या नादाला लागली होती. दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं मिळाली नाहीत तर गपगुमान परत नोकरी धरेन, असा आईला शब्द दिला होता. कर्जत-खालापूर तिने पालथं घातलं. गॅरेजवाले, पापडवाल्या, कशेळ्याचा नर्सरीवाला रोहिदास. सगळे चहा पाजायचे, ‘भारी हाय’ म्हणायचे आणि ‘बघू नंतर’ म्हणून वाटेला लावायचे. ‘लोकांना इंटरनेटमधलं काही कळतच नाही,’ असं ती चिडून आईला सांगायची. हो म्हणाल्या होत्या त्या एकट्या सुरेखाकाकू. त्यांनीही काढून टाकलं तर सगळंच संपलं.

“काढायचं नसंल तर एक तरी वाईट लिही,” काकू म्हणाल्या.

“खोटं नाही लिहिणार मी. जो इथे राहिला, जेवला, त्यानेच लिहायचं. एवढा एकच नियम आहे माझा.”

“मग मी लिहिते. मी काय शेजारी राहते?”

तेजश्रीने मोबाइल हातात घेतला. काकू सांगू लागल्या, ती टाइप करू लागली. भाकरी कधीकधी करपते. डास हायत. मालकीण बोलायला बसली की पाहुण्याला झोपू देत नाय.

“नवरा घोरतो, ते पण घाल.”

“माझं कशाला मधे?” दत्ताकाका कळवळले. तेही घातलं गेलं. चांदणी एकच. खाली नाव: सुरेखा, मालकीण. आणि नवा अभिप्राय सगळ्यात वर दिसायचा. ती सोय तेजश्रीनेच मोठ्या हौसेने केली होती.

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच ते पान ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवून दिलं.

स्कूटीवरून कडावला घरी परतताना तेजश्रीला रडू येत होतं. एवढं खपून बनवलं आणि त्याच्या माथ्यावर काय, तर करपलेली भाकरी! आता असलं पान बघून कोण राहायला येणार, आणि असलं प्लगिन कोण घेणार? आईला आजच सांगून टाकू, असं तिने ठरवलं.

दारात चप्पल काढतानाच फोन वाजला. रोहिदास होता.

“तेजू, सुरेखावहिनीचं पान बघितलं गं. तुझ्या त्याच्यात असं पण लावता येतं?”

“येतं,” ती कशीबशी म्हणाली.

“मग आधी नाय सांगायचं? माझ्या नर्सरीला लाव. गॅरेजवाला इथंच बसलाय, त्याला पण पायजे. आमी सगळी घाबरून गप होतो.”

“घाबरून? कशाला?”

“तुला सांगावं तर तू शिकलेली पोर, हसशील.” पलीकडे रोहिदासच हसला. “अगं, लेकराला पावडर लावली की गालाला तीट पण लावायला लागते. तू आमच्याकडं नुसता पावडरचा डबा घेऊन फिरत होतीस!”