येतो म्हणावं

फोन कट झाला तरी नामदेवरावांनी रिसीव्हर कानापासून काढला नाही.

“ठेवा की आता,” सावित्रीबाई म्हणाल्या. “खुशीत आहे पोरगं. घसा तेवढा बसलाय. तिथला एसी बाधला असेल.”

“जातो म्हणाला.”

“काय?”

“तू माझ्याकडे फोन दिलास ना, त्यानंतर. ‘बरं बाबा, जातो’ म्हणाला आणि ठेवला.”

सावित्रीबाईंनी रिसीव्हर त्यांच्या हातून घेऊन स्वतःच्या कानाला लावला.

संदेश मलेशियाला गेल्यापासूनचा हा पहिलाच फोन. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली निम्मी पोरं तेव्हा परदेशी निघाली होती. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पेढे. नामदेवराव मात्र दुधाने तोंड न भाजताच ताक फुंकून पिणारे. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नकोस, वाट चुकलास तर वर्दीतल्या माणसालाच विचार, आपली वकिलात कुठे आहे ते तोंडपाठ कर, असं सांगून सांगून त्यांनी पोराला भंडावून सोडलं होतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी एक शब्द ठरवला. शेजारी कुणी उभं असेल, खरं बोलता येत नसेल, तर फोनच्या शेवटी ‘येतो’ऐवजी ‘जातो’ म्हणायचं. ऐकणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही.

सावित्रीबाईंना हे तेव्हाच आवडलं नव्हतं. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे त्यांनी पोराच्या हाडीमाशी खिळवलं होतं. लहानपणी गल्लीतल्या दोस्तांसारखा दखनीत ‘जातौं’ म्हणून तो पळाला, की त्या त्याला फाटकातून परत आणत, पाणी पाजत आणि ‘येतो’ म्हटल्यावरच सोडत.

“चुकून गेलं असेल हो तोंडातून,” आता त्या म्हणाल्या. “तिकडेही सोबतीला हैदराबादचीच पोरं. तुम्ही बोभाटा कराल आणि त्याची नोकरी जाईल.”

हेही खोटं नव्हतं. किती उंबरे झिजवल्यावर ती नोकरी मिळाली होती, ते दोघांनाच ठाऊक. दोन दिवस नामदेवराव फाटकापासून फोनपर्यंत आणि फोनपासून फाटकापर्यंत फिरत राहिले. ताटावर बसत आणि उठत. पेपर उघडत आणि तसाच ठेवत. बोलावं तर पोराच्या पोटावर पाय, आणि न बोलावं तर पोरगंच हातचं जायचं.

शेवटी ते हिमायतनगरला किशोरच्या ऑफिसात गेले. नोकरी त्यानेच जमवून दिली होती. एवढ्या एजंटांत हाच एक मराठी बोलणारा, म्हणून तर त्याच्यावर विश्वास टाकलेला.

“बसा काका. चाय घ्या.”

“कंपनीचा फोन नंबर पाहिजे होता.”

“काय झालं?”

“काही नाही. असाच.”

किशोर हसला. “फिकर नक्को काका. परसों फोन आला ना त्याचा? बोलला ना, कंपनी चांगली, खाना चांगला, जरा गळाच बसला? मग? तुम्ही असं विचारत बसले तर ते लोकं नाराज होतात. पोराला वापस पाठवून देतात. आधीच सांगून ठेवतो.”

नामदेवरावांना क्षणभर बरंही वाटलं. चहा संपवून ते जिन्यापर्यंत आले आणि कठड्याला धरून उभे राहिले. नोकरी काय, गेली तर दुसरी मिळेल. ते तसेच खालच्या एसटीडी बूथमध्ये शिरले आणि क्वालालंपूरच्या आपल्या वकिलातीला फॅक्स केला. मुलाचं नाव, कंपनीचा पत्ता, आणि मुलगा संकटात आहे एवढंच.

घरी सांगितल्यावर सावित्रीबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला. नामदेवरावांनाही मनातून धास्ती होतीच. शब्द खरंच चुकून गेला असेल तर पोरगं जन्मभर तोंड बघणार नाही. फोन वाजला की ते धावत आणि उचलायला मात्र घाबरत.

मग वकिलातीचा फोन आला. तिथले पोलीस त्या पत्त्यावर जाऊन आले होते. कंपनी वगैरे काही नव्हतीच. गुदाम होतं. आत पोरं कोंडलेली, सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले, दिवसभर पेट्या उचलायला लावत. संदेश त्यांतच होता.

तो बेगमपेटच्या विमानतळावर उतरायच्या आधीच ‘जातो’ची गोष्ट गल्लीभर झाली होती. ज्या शब्दावरून अबोला धरला, तो आता सावित्रीबाईच शेजारणींना सांगत होत्या. संदेश आला तो हाडांचा सापळा होऊन. त्याला पोटाशी धरून त्या इतक्या रडल्या की टॅक्सीवालाही भाडं मागायला संकोचला.

घरी आल्यावर तो मुकाट्याने जेवत राहिला. नामदेवराव समोर बसून बघत होते. मग त्यांना राहवलं नाही.

“शाब्बास पोरा! डोक्यावर माणूस उभा असताना फोनवर बरोबर शब्द टाकलास. मला वाटलं होतं, ऐन वेळी विसरशील.”

संदेशचा घास हातातच राहिला.

“कुठला फोन, बाबा? तिथं मला कुणी फोनला हातच लावू दिला नाही.”