हात लागला की टक्

सरकारी दवाखान्यात नर्स किती काम करते, ते मोजायला तपासनीस आला होता. आकडा कमी भरला, तर वॉर्डातली एक जागा जाणार होती. रीत साधी होती. नर्सचा हात पेशंटला लागला की मुठीतल्या यंत्राची कळ दाबायची. टक्.

सिस्टरचं काम बघून तो थक्क झाला. पाठीला डोळे असावेत तशा त्या सगळीकडे पुरत होत्या. एकाला सुई टोचताना दुसऱ्याला दटावायच्या, तिसऱ्याला हसवायच्या.

"साहेब, बसा घटकाभर. चेहरा उतरलाय तुमचा."

"माझं राहू द्या, सिस्टर. तुमचं चालू द्या."

सकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं, पण तो कुणाला बोलला नव्हता.

सिस्टर लांबच्या खाटेवर पट्टी बांधायला बसल्या. यंत्र खिडकीत ठेवून त्याने घाम पुसला.

टक्.

कळ कुणीच दाबली नव्हती. कोपऱ्यात कण्हणारे आजोबा मात्र शांत झाले.

टक्. तळमळणाऱ्या बाईला झोप लागली.

"सिस्टर, तुमच्या जोडीला आणखी कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटीच की." सिस्टरचे दोन्ही हात पट्टीत गुंतले होते.

तेवढ्यात मागून त्याच्या कपाळावर एक गार हात अलगद टेकला. ठणका थांबला.

खिडकीत यंत्र वाजलं.