संध्याकाळचे प्रश्न

निवेदकाचा प्रश्न संपला आणि बाबा गप्पच राहिले.

माणसाच्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव कोणता? एवढा सोपा प्रश्न. त्यांच्या धाकट्या लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होते. तिथल्या स्पर्धकानं ‘त्वचा’ म्हटलं, टाळ्या पडल्या.

“पहिलाच प्रश्न आहे,” ती घाईनं दादाला म्हणाली. “जरा थांब.”

“मी कुठं पळून चाललोय?” दादा म्हणाला. पण मोबाइल त्यानं खिशातून काढून मांडीवर ठेवला होता.

कशासाठी, ते दोघांनाही माहीत होतं. वृद्धाश्रमातली एक खोली त्यानं अडवून ठेवली होती आणि आज संध्याकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. बाबांनी गॅस उघडा ठेवला तेव्हा हा विषय निघाला. दादाच्या मुलीला त्यांनी “तू कुणाची गं?” विचारलं तेव्हा तो जवळजवळ ठरला. बाबांना यातलं अर्थात काही सांगितलं नव्हतं. भावंडं ते स्वयंपाकघरात, दार लोटून बोलत.

अडून बसली होती ती धाकटी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हा तिचा खाक्या. आणि पुरावा तिच्याकडे होता. दिवसभर शेजारच्या काकू येऊन-जाऊन लक्ष ठेवत. ती घरी परतायची तेव्हा बाबा एकटेच येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटत असत. हे लक्षण तिनं डॉक्टरांच्या कानावरही घातलं होतं. पण चहा घेऊन दोघं प्रश्नमंजुषा बघायला बसली की बाबा वेगळेच. निवेदकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळे.

डॉक्टर म्हणाले होते, जुनं बराच काळ टिकतं, नवं राहत नाही. म्हणून तिनं बाबांची उत्तरं पारखून घेतली. काल निवेदकानं विचारलं होतं, सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला? बाबा म्हणाले, “शनी.” त्यांच्या लहानपणच्या पुस्तकांत गुरू पुढे असणार, शनीनं त्याला मागं टाकलंय ते अलीकडच्या मोजणीत. म्हणजे नवं आत जात होतं आणि राहतही होतं. तिनं तिथल्या तिथं दादाला फोन लावला. “तू स्वतः येऊन बघ. मग काय ते ठरव.”

“बघतो. खरं निघालं तर खोली सोडून देईन,” तो म्हणाला होता.

आणि शब्दाला जागून तो आज जेवायलाच आला. तिनंही रजा टाकली. दुपारभर दादा बाबांना चिकटून बसला, जुन्या गोष्टी उकरून काढत राहिला. मध्ये बाबा दोनदा उठून टीव्हीपाशी गेले. “एवढ्या दिवसांनी पोरगा आलाय आणि तुम्ही टीव्ही काय लावता?” म्हणत त्यानं हाताला धरून त्यांना परत आणलं. तीसुद्धा हसली होती.

आता बुद्धिबळाचा प्रश्न आला. पटावर एकूण घरं किती?

तिचा जीव भांड्यात पडला. बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. संख्येचा वर्ग म्हणजे काय, हे तिला त्यांनी अशाच पटावर बोट फिरवून समजावलं होतं.

“सांगा ना, बाबा. आठ आठे?”

बाबांचे ओठ हलले. त्यांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“शनी,” ते म्हणाले.

दादानं निदान टोमणा तरी मारायला हवा होता. ‘काय शास्त्रज्ञबाई, हाच का तुमचा पुरावा?’ असं काहीतरी. तो नुसता उठला, जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गॅलरीत जाऊन काचेचं दार ओढून घेतलं.

ती तशीच बसून राहिली. आज हे असं, तर इतके दिवस ती उत्तरं कुठून येत होती? तिला ते सुटेना. आणि आता सुटून उपयोगही नव्हता.

पडद्यावर केकची स्पर्धा सुरू झाली. तिला ही कधीच आवडली नव्हती. प्रश्नमंजुषेत घरी बसलेला माणूसही जिंकू शकतो. केकची चव मात्र काचेतून बाहेर येत नाही. परीक्षकाचा चेहरा बघायचा आणि तो म्हणेल ते खरं मानायचं. परीक्षकानं एका बाईच्या केकवर बोट दाबलं. केक मधोमध खचला. त्यानं मान हलवली. तिचा प्रवास इथंच संपतोय, असं निवेदिकेनं गोड आवाजात जाहीर केलं. तिनं आता घरी जायचं होतं. बाई एप्रनच्या गाठीशी झटापट करत रडायला लागली.

“घरीच तर पाठवतायत,” बाबा म्हणाले. “रडते कशाला?”

धाकटीनं गॅलरीकडे पाहिलं. काचेपलीकडे दादा फोनवर बोलत होता, मध्येच मान डोलावत होता.

बाबांचं लक्षही तिकडंच होतं. मग ते सोफ्यावरून तिच्याजवळ सरकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

“दादाला सांग, उद्या परत बघ म्हणावं. संध्याकाळचा भाग आधी दुपारी दाखवतात. आज तो गप्पा मारत बसला गं, माझा अभ्यासच झाला नाही.”